शिवकन्येची तहान

हे लिहायला मी सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद केलाय का ते बघायला, एकदा दाराशी कोण आलंय ते बघायला (कुणीच नव्हतं), आणि एकदा उगीचच. आमचे हे म्हणतात, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तुझ्या पायांची भिंगरी काही निघाली नाही. अठ्ठावीस वर्षं जवळा बाजारच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली. गावोगावचे लोक मला ‘रक्तवाल्या बाई’ म्हणून ओळखतात. त्या नोकरीत सगळं घड्याळाच्या काट्यावर चालायचं आणि तो काटा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

लॅबचं काम बाहेरून वाटतं तसं नसतं. लोकांना वाटतं, सुई टोचली, नळी यंत्रात घातली, कागद बाहेर आला. पण खरं काम नळी यंत्रात जायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. पेशंट काय खाऊन आला, किती चालून आला, रक्त किती वेळ टेबलावर पडून राहिलं, हे सगळं त्या आकड्यात उतरतं. यंत्राच्या पुढ्यात चुकीची नळी ठेवली तर ते तीही इमानदारीत मोजतं आणि आपण त्या कागदावर सही करतो. माझी अशी एक सही आहे. ती आठवली की मला बसवत नाही.

आधी तपासणीबद्दल सांगते. आपल्या मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. तिथून रक्तात एक संप्रेरक सुटतं. त्याचं काम एकच, मूत्रपिंडांना सांगायचं की पाणी धरून ठेवा. हे संप्रेरक तयारच झालं नाही तर प्यायलेलं पाणी जसंच्या तसं बाहेर पडतं. माणूस पीत राहतो आणि जात राहतो. साखरेशी त्याचा काही संबंध नसतो. आता गंमत अशी, की काही माणसं नुसत्या सवयीनं घटाघटा पाणी पितात. त्यांच्याही रक्तात हे संप्रेरक कमीच सापडतं, कारण शरीरात पाणी मुबलक असल्यावर ते सुटायची गरजच नसते. दोघांची लघवी पाण्यासारखी, दोघांचा आकडा कमी. मग आजारी कोण आणि सवयीचा कोण हे ओळखायचं कसं? पाणी बंद करून. सवयीच्या माणसाचं पाणी तोडलं की काही तासांत त्याची लघवी दाट होते. आजाऱ्याची होत नाही. त्याचं वजन मात्र तासातासाला उतरत जातं.

आणि हे संप्रेरक मोजायचं म्हणजे महानाजूक काम. आधी गार केलेल्या नळीत रक्त घ्यायचं, नळी बर्फात, रक्त यंत्रात फिरवायचं तेही गारच, वरचं पिवळं पाणी वेगळं काढून तिथल्या तिथे गोठवायचं आणि गोठलेलंच मुंबईला पोचवायचं. लघवीतूनही ते मोजतात, पण बर्फाची कटकट तिथंही सुटत नाही. वाटेत वितळलं की सगळं मुसळ केरात. अठ्ठावीस वर्षांत ही तपासणी माझ्या हातून चार वेळा झाली. त्यातली दोनदा एकाच पोरीची.

ती पोरगी म्हणजे शिवकन्या. वय वीस-एकवीस, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला सासर. पहिल्यांदा आली तेव्हा काखेत दोन लिटरची बाटली धरून आली होती, लेकरू धरावं तशी. नाव विचारलं तर आधी दोन घोट प्यायली आणि मग नाव सांगितलं. ओठ तरीही कोरडे. सोबत सासू गयाबाई आणि नवरा बालाजी. बालाजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

मी पोरीला विचारत होते आणि उत्तरं सासू देत होती.

“सा महिने झाले बाई, असंच करून राहिली. रांजण भरला की दुपारी रिकामा. कळशी उशाला घिऊन झोपती. अन् घडी घडी बाहीर. लोकं काय म्हणत असतील?”

“शुगर तपासली का कुठं?”

“तीनदा. बराबर हाय म्हणतेत. काही न्हाई म्हणतेत तिला. मग काहून पेती इतकं?” गयाबाईंनी आवाज खाली आणला. “हरताळकीच्या दिवशी पाणी पेली ही. बाराच्या आत, तांब्याभर. सगळ्या बाया बघून राहिल्या. अन् चवथ्या दिशी ह्याची गाडी घसरली. हात मोडला. आता काय म्हणावं?”

बालाजी खाली बघत होता. शिवकन्येनं बाटलीचं झाकण उघडलं, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं.

त्याच बोलण्यात मला हेही कळलं, की तिच्या बापाला निरोप गेलाय. बैठक ठरलीय. रिपोर्टात काही निघालं तर दवा करायची, नाही निघालं तर पोरीनं बापाच्या घरी जायचं. गयाबाईंनी हे बाजारातल्या भावासारखं सहज सांगून टाकलं. तीन ठिकाणच्या साखरेच्या रिपोर्टांनी तिचा निकाल जवळजवळ लावलेलाच होता.

डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. मी पाच लिटरचा कॅन दिला आणि बालाजीला समजावलं, उद्या सकाळपर्यंतची सगळी ह्यात जमा करायची आणि उद्या ह्याच वेळेला आणायची. दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच पठ्ठ्या डाव्या हातात काठोकाठ भरलेला कॅन घेऊन हजर.

“बराबर वेळेवर आणला,” मी म्हटलं. “सगळी ह्यातच जमा केली ना?”

“व्हय मॅडम. ह्यो तर काल सांजच्यालाच भरला. मंग झाकण लावून ठिवला.”

“आणि त्यानंतरची?”

“त्याच्यात मावंना. फेकून दिली.”

मी त्याच्यावर ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. मग मनात हिशेब झाला आणि मी कॅन तिथेच टाकून डॉक्टरांच्या केबिनकडे पळाले. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पाच लिटर, म्हणजे दिवसाचे दहा-अकरा. बालाजीला वाटलं होतं, जेवढा कॅन तेवढीच पाहिजे. मी कागदावर डोळे झाकून पाच लिटर लिहिलं असतं तरी कुणी मला काही विचारलं नसतं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. अशा खुशीनंतर आपण हमखास माती खातो, हे मला तोवर कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, पाणी तोडून तपासणी करायची, नांदेडला पाठवू. गयाबाई म्हणाल्या, सोयाबीन काढायला आलंय, पोराचा हात मोडलेला, नांदेडला कोण जाऊन बसणार? मग दवाखान्यातच करायचं ठरलं. दोन खाटांची खोली, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तासातासाला वजन, तासातासाला लघवी, आणि शेवटी रक्त. वजन फार उतरलं तर तिथेच थांबायचं, कारण असा माणूस भराभर सुकतो आणि जिवाशीही येऊ शकतं.

लोकांना समजेल अशा भाषेत सांगणं हा माझा हातखंडा. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, बाई, तुम्हीच सांगा ह्यांना. मी गयाबाईंना म्हटलं, “मावशी, हरतालिकेचा असतो ना, तसा उपवास धरायचाय हिनं. निर्जळी. पाण्याचा थेंब पोटात जाता कामा नये. चहा नाही, दूध नाही. लक्ष तुम्ही ठेवायचं.”

गयाबाईंच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. “आस्सं व्हय? मंग कळलं. तुमी बेफिकीर ऱ्हावा. माझ्यासारखी राखण दुसरी न्हाई करायची.”

मलाही तसंच वाटलं. हिच्या पाण्यावर डोळा ठेवायला ह्या सासूपेक्षा कडक पहारा कुठला मिळणार?

तपासणीच्या दिवशी बाजार होता. आठ वाजता मी शिवकन्येचं वजन घेतलं, बेचाळीस किलो. खोलीतला पाण्याचा जग उचलला, मोरीच्या नळाचा कॉक बंद केला, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला दुसरीकडे हलवलं. शिवकन्येची बाटली मी काढून घेतली तेव्हा तिनं ती लगेच सोडली नाही, थोडी ओढाताण झाली. गयाबाईंच्या पिशवीत काकड्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. “घ्या बाई, शेतातल्या हायेत.” पेशंट असं काहीबाही आणतातच. वांगी, हरभरा, कधी काकडीसारखी वाळकं. मी काकड्या माझ्या डब्याच्या पिशवीत टाकल्या आणि कामाला लागले.

लघवी किती दाट आहे ते बघायला आमच्याकडे काचेचा एक तरंगता असतो, बोटाएवढा, वर रेघा मारलेली दांडी. पातळ लघवीत तो खोल बुडतो, दाट असली की वर उचलला जातो. शिवकन्येच्या लघवीत तो साध्या पाण्यात बुडावा तसा बुडाला. नऊला वजन चारशे ग्रॅम उतरलं. दहाला आणखी चारशे. तरंगता जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, आजारच आहे, पोरगी सुटली.

मग बाजारची गर्दी सुरू झाली. आखाडा बाळापूरकडून एक गर्भार बाई आली, दोन जण तापाचे, एक म्हातारा बोट कापून घेऊन आला. मी खोलीत तासाला एकदा धावत जायची, वजन घ्यायची, भांडं उचलायची, धावत परत यायची. अकराला वजन उतरलं नाही. बाराला दोनशे ग्रॅम वाढलं. मी काटा झटकला, स्वतः उभी राहून पाहिलं. काटा बरोबर होता.

“पाणी प्यालीस?” मी विचारलं.

“न्हाई मॅडम.”

“खरं सांग.”

“थेंब न्हाई घेतला.”

गयाबाई पदर पसरून म्हणाल्या, “देवाशप्पत बाई, मी हितून हालले न्हाई.”

दोनला रक्त घेतलं. त्यातलं मीठ आमच्याच यंत्रावर मोजलं. शरीर सुकलं की ते वाढतं. तिचं एकदम बरोबर होतं. पाणी न पिता सहा तास, दहानंतर वजन उतरलेलंच नाही, रक्तातलं मीठ बरोबर. ह्याचा अर्थ एकच. मी आकडे लिहिले, सही केली आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, “मोरीत कुठेतरी पाणी मिळालंय हिला. चोरून प्यायलीय. अशी पोटात पाणी घेऊन बसलेली असताना संप्रेरक कमी आलं तरी त्याला काय अर्थ? सवयच असावी. पाठवू नका तो नमुना.”

मी खोलीत गेले आणि जे बोलले ते मला आजही शब्दन्‌शब्द पाठ आहे. “सगळ्यांचा दिवस वाया घालवलास. तुला संसार करायचाच नाही का? खोटारडी कुठली.” शिवकन्येनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. नुसती म्हणाली, “मी पाणी न्हाई पेले मॅडम.” गयाबाईंनी पिशवी उचलली आणि बालाजीला म्हणाल्या, “चल. झालं ते झालं. तिच्या बापाला उद्याच बोलाव.”

नमुना मात्र मी फेकला नाही. तयारी केलेली होती म्हणून असेल, किंवा हातानं काही टाकून देणं मला जमत नाही म्हणून. फिरवायच्या यंत्रात आधीच बर्फाच्या पिशव्या घालून ते गार करून ठेवलं होतं. पिवळं पाणी वेगळं केलं आणि रस्त्यापलीकडच्या कुल्फीवाल्या शेखभाईंच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवलं. शेखभाई म्हणाले, “बाई, कुल्फी के बाजू में क्या रख दिया?” मी म्हटलं, हात लावू नका, गोड नाहीये.

संध्याकाळी घरी गेले ती धुसफुसतच. भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, कुणावर चिडलीस? मी सांगितलंही नाही. कोशिंबीर करायला डब्याच्या पिशवीतली काकडी काढली, देठाकडचं टोक कापलं आणि कडवटपणा निघावा म्हणून ते टोक काकडीवर घासायला लागले. पांढरा फेस आला. मग काकडी चोचवून पिळली आणि पाटावरून पाण्याची धार ओट्यावर आली, ओट्यावरून माझ्या पायावर.

मी तशीच उभी राहिले. माझी आई हरतालिकेला पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आम्हा पोरींनाही घेऊ द्यायची नाही. पण भूक लागली म्हटलं की काय द्यायची? काकडी. हरतालिकेला काकडी चालते. सगळ्यांच्या घरी चालते.

ह्यांनी गॅस बंद केला. मी नव्हता केला. रात्र कशी काढली ते विचारू नका. सकाळी सातला स्कूटी काढली आणि सिद्धेश्वरचा रस्ता धरला.

पोचले तेव्हा ओसरीवर माणसं बसलेली होती. बालाजीचा चुलता, शिवकन्येचा बाप, तिचा मामा. चहा झालेला होता, कपबश्या तशाच पडलेल्या. दाराशी एक बॅग, वर शाल बांधलेली. शिवकन्या आतल्या दारात उभी होती, काखेत बाटली. मला बघून गयाबाई उठल्या. “बाई? तुमी हिकडं काहून?”

“मावशी, परवाच्या, नाही, कालच्या तपासणीत,” माझी जीभ अडखळत होती, “हिला तुम्ही काकडी दिली होती का?”

“दिली की!” गयाबाई अगदी ठसक्यात म्हणाल्या. “तुमीच म्हणलात हरताळकीवानी उपास. हरताळकीला काकडी चालती, वाळूक बी चालतं. पाण्याचा मात्र थेंब न्हाई दिला.”

“किती दिल्या?”

त्यांचा ठसका जरा उतरला. “असतील सा-सात. लेकराचं तोंड पार वाळून चाललं होतं बाई. जीभ टाळूला चिकटून राहिली होती. मला पाहवंना. म्हणलं, उपासाचंच तर हाय, खा.”

जी बाई पोरीला घरातून काढायला निघाली होती, तिलाच तिची तहान बघवली नव्हती. हे त्या ओसरीवर बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं गयाबाईंनाही नीटसं माहीत नव्हतं.

मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. काकडीत सगळं पाणीच असतं. सात काकड्या म्हणजे दीड-दोन लिटर पाणी. त्यामुळे वजन उतरलं नाही, त्यामुळे रक्तातलं मीठ बरोबर आलं. तपासणी फसली, ती पोरीच्या चोरीनं नाही. मावशींच्या चुकीनंही नाही. हरतालिका मी म्हटलं होतं. “चूक माझी आहे,” मी म्हटलं, “आणि मी हिला खोटारडी म्हणाले.”

चुलता मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “मंग आता?”

“पुन्हा करायची. एक दिवस द्या मला.”

शिवकन्येचा बाप पहिल्यांदाच बोलला. “परत लेकराला तसंच तहानेलं ठिवायचं? काही नको मॅडम. मी नेतो तिला. पेऊ द्या किती पेती ते. माझ्या आडाला पाणी हाय.” त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याच्यापुढे मान वर करवेना.

मी दारापाशी गेले. “शिवकन्या, काल तू सांगितलं का नाहीस मला, काकडी खाल्ली म्हणून?”

“तुमी इच्यारलंच न्हाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “सगळे पाणी पेली का, पाणी पेली का, इतकंच इच्यारतेत. सा महिने झाले. काय होऊन राहिलंय, हे कुणीच इच्यारलं न्हाई.” मग बापाकडे बघून म्हणाली, “बाबा, मी जाते. करते उपास. मला बी कळू द्या, मी येडी हाये का काय.”

दोन दिवसांनी पुन्हा तीच खोली, तोच काटा. ह्या वेळी मी उपमा दिली नाही. म्हटलं, तोंडात काहीही जाणार नाही. पाणी नाही, फळ नाही, सुपारी नाही, तीर्थ नाही, अंगारा नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या माणसाला रक्त घ्यायच्या टेबलावर बसवलं आणि मला खोलीत मोकळं सोडलं. मी आठपासून तिथून हलले नाही, म्हणजे खोलीतल्या खोलीतच चार मैल चालले असेन. गयाबाईही होत्या. त्यांच्या पिशवीत फक्त टॉवेल होता. तो त्यांनी मला आपणहून उलटा करून दाखवला.

नऊला चारशे ग्रॅम उतरले. दहाला आणखी साडेचारशे. शिवकन्या कुशीवर पडून भिंतीवर नखानं रेघा ओढत होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. एकदा बाहेर कुणीतरी बादलीत पाणी सोडलं आणि तो आवाज ऐकून ती उठून बसली. गयाबाई म्हणाल्या, “बाई, बस करा आता.” मी म्हटलं, थोडं थांबा. अकराला वजन एक किलो तीनशेनं उतरलेलं. तरंगता अजून तसाच बुडालेला. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, झालं, घ्या रक्त.

रक्त घेतलं. मीठ वाढलेलं होतं. शरीर सुकलेलं, तरी लघवी पाण्यासारखी. नळी बर्फात, बर्फातून गार यंत्रात, तिथून शेखभाईंकडे. दुपारी शेखभाईंनीच थर्मासमध्ये बर्फ आणि खडे मीठ थर देऊन भरून दिलं, कुल्फी जमवतात तसं. मी आधीची नळी आणि आजची नळी, दोन्ही आत ठेवल्या. जीपनं नांदेडला कुरिअरवाल्याच्या हातात त्या गोठलेल्याच पोचल्या. तिथं त्यांनी त्या कोरड्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

रिपोर्ट पुढे पंधरवड्यानं आले. दोन्ही नळ्यांचा आकडा जवळजवळ एकच होता, अगदी नगण्य. मी ते दोन कागद शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत होते. पहिल्या कागदाच्या जोरावर पोरगी खोटी ठरत होती, दुसऱ्याच्या जोरावर खरी. मधे फक्त सात काकड्या. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी एकाही पेशंटला ‘उपाशी आहात का’ असं विचारलं नाही. काल संध्याकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा, असं विचारायची. लोक वैतागायचे. अठ्ठावीसपैकी कितीतरी वर्षं मी तसं विचारलंच नव्हतं. त्या वर्षांत माझ्या सहीचे किती कागद कुणाकुणाच्या घरात गेले असतील, हे मनात आलं की मी उठते आणि गॅस बघून येते.

पण शिवकन्येचं ठरायला मुंबईच्या आकड्याची वाट पाहावी लागली नाही. ते त्याच दुपारी ठरलं. रक्त घेतल्यावर डॉक्टरांनी तिच्या नाकात औषधाचा फवारा दिला. तेच संप्रेरक, कारखान्यात बनवलेलं. नांदेडला निघण्याआधी माझ्याकडे थोडा वेळ होता. पोरीला आता मोजून एक ग्लास पाणी दिलं. तिनं ते एका दमात संपवलं आणि ती झोपली. एक तास गेला. भांडं मागितलं नाही. दीड तासानं उठली तेव्हा लघवी थोडीशीच झाली, आणि तिला पिवळा रंग होता. मी तरंगता सोडला. तो बुडाला नाही. नळीच्या वर डोकं काढून उभा राहिला.

मी डॉक्टरांना बोलवायला वळले, तर गयाबाई दारात. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. कुठून भरून आणला देव जाणे. माझ्या अंगावरून खोलीत शिरल्या आणि खाटेशी बसल्या. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

“पोरी, कवाधरनं पाणी मागितलं न्हाईस. बरं वाटंना का? घे, पी गं माय. आता कुणी काही म्हणायचं न्हाई. पी.”

शिवकन्येनं तांब्याकडे पाहिलं. सवयीनं हात पुढे केला. मग तो मधेच थांबला आणि ती आश्चर्यानं स्वतःचेच ओठ चाचपडायला लागली.

“नको आत्याबाई,” ती म्हणाली. “तहान न्हाई.”

गयाबाईंना खरं वाटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. “परत म्हण,” त्या म्हणाल्या.

“तहान न्हाई मला.”

गयाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि सुनेचं डोकं छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागल्या. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तो तांब्या उचलला आणि उभ्यानंच सगळा पिऊन टाकला.